सॅम्पलमधली खोट

मास्तरांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी माझ्या हातात हाफ पँटचे पुढचे दोन भाग ठेवले आणि म्हणाले, "जोडा." खिसे आधीच लावलेले होते. मी ते टेबलावर शेजारी शेजारी मांडून पाहिले. दोन्ही डाव्या पायाचे होते.

"मास्तर, हे दोन्ही डावे आहेत."

"आसू द्या. शेठनं आसंच सांगितलंय."

"मग शेठनाच घालायला द्या."

मास्तर हसले नाहीत. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी मला नीट पाहून घेतलं आणि केबिनच्या दिशेनं ओरडले, "शेठ, ही बाई चालंल." नंतर शेठनी मला आत बोलावून रीतसर मुलाखत घेतली, पण ती त्यांच्या समाधानासाठी. नोकरी मला बाहेरच लागली होती.

सोलापुरात चादरी आणि टॉवेल होतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. शाळेचे गणवेशही इथून लांब लांब जातात, हे ते घालणाऱ्या पोरांच्या आईबापांनाही ठाऊक नसतं. आमचा कारखाना त्यातलाच, एमआयडीसीत, पत्र्याच्या छपराचा. मी मोहोळला शिवणाचे क्लास घेत होते. ते सोडून इथं लाईनवर सुपरवायझर म्हणून आले. मास्तर कटिंगचे. कापड कापून लाईनवर येईपर्यंत त्यांचं राज्य, आणि खरं सांगायचं तर त्यानंतरही त्यांचंच.

अंगानं काटकुळे, उंच. गळ्यात टेप कायम. लोकांच्या लग्नातही ती असे आणि नवरदेवाच्या सुटाकडे ते ज्या नजरेनं पाहत ती मुलीकडच्यांनी पाहू नये अशी. चष्म्याला दोरी म्हणून चड्डीचं इलॅस्टिक बांधलेलं. घर शहराच्या पूर्व भागात, घरची माणसं पिढ्यानपिढ्या मागावर बसलेली. घरात तेलुगू, बायकांशी मराठी, कडा शिवणाऱ्या ओव्हरलॉक मशीनवरच्या यास्मिनशी दखनी, आणि कापड तिरकं निघालं की तिन्ही भाषा. शर्ट स्वतः शिवलेला. त्याचा खिसा उजव्या बाजूला होता.

"मास्तर, खिसा उजवीकडे का?" मी पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"विचारलंत न्हवं? त्याच्यासाठीच."

"म्हणजे?"

"शेठ माझा ह्यो शर्ट मी लागलोय तवापासनं बघत्यात. मनात येडा म्हणत आसतील. पण विचारलं न्हाई कधी. उद्या मी खिसा पाठीवर लावला तरी विचारायचे न्हाईत."

त्यांना 'होय मास्तर' हे दोन शब्द सहन होत नसत. एखादी नवी बाई काही सांगितल्याबरोबर मान हलवून कामाला लागली की ते तिच्या मशीनपाशी जाऊन उभे राहत. "अम्मा, मान हलवायला नंदीबैल हाय की. दारात येतोय, पसाभर जोंधळ्यात तासभर हलवतोय. मग शेठनं तुला पगार कशाला द्यायचा?" बाई घाबरून पुन्हा म्हणे, "होय मास्तर." मास्तर कपाळाला हात लावत.

हे वेड त्यांच्या डोक्यात कुठून शिरलं, ते मी तीनदा विचारलं आणि तीन वेगळी उत्तरं मिळाली. एकदा म्हणाले, त्यांच्या वडिलांनी मुकादमाचं ऐकून साडीचे काठ उलटे विणले. एकदा म्हणाले, शाळेत सगळ्या वर्गानं चुकीचं उत्तर दिलं आणि बरोबर उत्तर देणाऱ्या यांनाच मार बसला. तिसऱ्या वेळी म्हणाले, "बायकोला लग्नात विचारलं, मी पसंत हाय का? ती होय म्हनली. नंतर कळलं, तिनं मान वर करून बघितलंच न्हवतं." मी चौथ्यांदा विचारलं नाही.

आता सॅम्पलचं सांगते. कुठलीही ऑर्डर आली की आधी एक नमुना शिवला जातो. गिऱ्हाईक तो पास करतं, शेठ त्याला सहीची चिठ्ठी टाचतात आणि तो हॉलमध्ये खिळ्याला अडकवला जातो. मग लाईनवरच्या प्रत्येक बाईनं त्याच्याकडे बघून शिवायचं. कॉलर केवढी, टीप कुठून, बटण किती बोटांवर, सगळ्याला उत्तर एकच: सॅम्पलला बघ. आमच्या धंद्यात सॅम्पल म्हणजे देव. देवाला कुणी 'तुझा हात असा का' म्हणून विचारत नाही.

मास्तर विचारायला लावत. नवी ऑर्डर सुरू व्हायच्या सकाळी ते खरं सॅम्पल आपल्या कपाटात ठेवत आणि खिळ्याला स्वतः शिवलेलं दुसरं अडकवत, त्यात एक खोट घालून. बाही उलटी, काज उभ्याऐवजी आडवं, खिशाचा एक कोपरा गोल आणि दुसरा चौकोनी. मग हातांची घडी घालून उभे. खोट सापडल्याशिवाय मशीन सुरू करायचं नाही. जी शोधेल तिला मास्तर सगळ्यांसमोर वाकून नमस्कार करत, आणि त्या दिवशी तिचा चहा स्वतः आणून देत.

सुरुवातीला बायका कसनुशा हसत. हळूहळू चटक लागली. ऑर्डरचा पहिला दिवस म्हणजे सण झाला. वळसंगहून येणारी शांताबाई यात सगळ्यांच्या पुढं. ती शिकली चौथीपर्यंत, पण तिचं तोंड मोजायला टेप नव्हती. "आवो मास्तर, ह्या बाहीत पोरानं हात घालायचा का पाय?" असं ती हॉलच्या दुसऱ्या टोकावरून ओरडे. यास्मिन मागे राहत नसे. "क्या जी मास्तर, हमकू अंधा समझे क्या? कॉलर देखो, एक कान बडा एक छोटा!" मास्तर हात जोडत, बायका टाळ्या पिटत, आणि केबिनमध्ये शेठ घड्याळाकडे बघत.

"बघितलं बाई?" मास्तर मला म्हणत. "माझ्या बायका कुणाच्या बापाला भ्यायच्या न्हाईत."

"तुम्हाला भीत नाहीत, एवढंच म्हणा."

"म्हंजे?"

"म्हणजे तुम्ही विचारा म्हणून सांगता, म्हणून त्या विचारतात. हेही होय मास्तरच झालं."

यावर ते रागावले. दोन दिवस त्यांनी माझ्याशी फक्त कापडाबद्दल बोलणं ठेवलं. मला काही फरक पडला नाही, कामं उलट लवकर झाली.

शेठचा मास्तरांवर राग होता, पण त्याचं कारण हा वाया जाणारा वेळ नव्हता. कारण टोपी होती. आमच्या गेटवरचा वॉचमन घरी जाताना बायकांच्या पिशव्या तपासत असे. मास्तरांच्या लक्षात आलं की तो टोपी घालून बसला की बायका आपणहून पिशवी उघडतात आणि टोपी काढून बसला की तशाच निघून जातात, माणूस तोच. एका संध्याकाळी त्यांनी वॉचमनला चहाला पाठवलं, त्याची टोपी स्वतःच्या डोक्यावर चढवली आणि खुर्चीत बसले. बायका हसत हसत पिशव्या उघडून गेल्या. तेवढ्यात शेठ मोबाईलवर बोलत बोलत आले. मास्तरांनी नुसता हात आडवा केला. शेठ थांबले, बोलणं न तोडता त्यांनी बॅग पुढं करून उघडली, जेवणाचा डबासुद्धा वर काढून दाखवला, आणि पुढं गेले. गाडीपाशी पोचल्यावर त्यांना आपण काय केलं ते कळलं. वळून पाहिलं तर मास्तर टोपी काढून डोकं खाजवत होते.

सगळा कारखाना महिनाभर हसला. हसण्याची किंमत नंतर मोजावी लागते.

पुढल्या मोसमात शेठनी मोठी ऑर्डर आणली. सोलापुरातल्याच एका शिक्षणसंस्थेची, त्यांच्या सगळ्या शाळांतल्या प्राथमिकच्या मुलींचे कुर्ते. संस्थेचे अध्यक्ष शिस्तीचे मोठे भोक्ते. पोरं गळ्याचं वरचं बटण उघडं टाकतात, हे त्यांच्या डोळ्यांत खुपे. म्हणून त्यांनी स्वतः डिझाइन सुचवलं होतं: उभी बंद कॉलर, बटणपट्टी कॉलरपर्यंत, आणि ती पट्टी आतून शिवून टाकायची. बटणं दिसायला बटणं, पण उघडायची नाहीत. पोरगी बेशिस्त वागायची म्हटली तरी तिला वागता येऊ नये. मुख्याध्यापकांची सभा झाली, सगळ्यांनी कल्पना उत्तम असल्याचं सांगितलं. शेठनी सॅम्पल मास्तरांना न कळवता बाहेरून शिवून घेतलं, पासही करून आणलं.

मी दोऱ्याच्या रंगांचं विचारायला केबिनमध्ये गेले होते, तेव्हा मास्तरांनाही या ऑर्डरसाठी बोलावलेलं होतं. कुर्ता डमीला घातला होता. मास्तर त्याच्याभोवती एकदा फिरले.

"शेठ, ह्यो पोरीच्या डोक्यातनं जायचा न्हाई."

"अध्यक्षांनी पास केलाय."

"कुणाच्या अंगावर?"

शेठनी डमीकडे बोट दाखवलं. डमीला डोकं नव्हतं. कुठल्याच डमीला नसतं. मानेवर लाकडाची चकती असते. कुर्ता तिला फार छान बसला होता.

शेठ मूर्ख नव्हते. मास्तर बोलायच्या आधीच त्यांना हे दिसलं होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं. पण अध्यक्षांना सांगणार कोण? "हे बघा मास्तर," ते म्हणाले, "त्यांना असाच पाहिजे. ते घेणार, पैसे देणार. उद्या सुरुवातीला ते स्वतः येतायत नारळ फोडायला. तुमचा खेळ बास झाला. लाईन थांबली तर परवापासून घरी बसा."

मास्तरांनी कुर्त्याची शिवलेली पट्टी एकदा ओढून पाहिली. मग म्हणाले, "मी न्हाई बोलत. माझ्या बायका बोलतील."

"अध्यक्षांसमोर?"

"एकजण तरी बोलंल. बोलली तर पट्टी उघडायची. न्हाई कुणी बोललं, तर घरी बसवायची गरज न्हाई तुमाला. मीच जातो."

शेठ हसले. टोपीनंतर पहिल्यांदाच ते मास्तरांकडे बघून मोकळेपणी हसले. "ठरलं," म्हणाले.

बाहेर आल्यावर मास्तरांनी मला जिन्यात अडवलं. "बाई, तुमी बोलायचं न्हाई."

"का?"

"तुमी पगारी तोंडाळ. तुमचं धरत न्हाई. आन् बायकांना पैजेचं सांगायचं न्हाई."

"मास्तर, वय काय, करताय काय? घरी बसून कराल काय?" त्यांची बायको वारली होती, मुलगा पुण्यात. घर फक्त झोपण्यापुरतं. माणूस राहत होता तो कटिंगच्या टेबलापाशी.

"माझ्या बायका हायत त्या," म्हणाले. "शांता हाय. शांता ऱ्हाती व्हय गप्प?"

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष आले. पांढरे कपडे, सोबत दोन मुख्याध्यापक आणि एक फोटो काढणारा. पहिल्या मशीनपुढं नारळ फुटला. डमी हॉलच्या मधोमध आणून ठेवली होती, कुर्त्याला सहीची चिठ्ठी आणि वर एक हार. अध्यक्षांनी शिस्तीवर चार शब्द सांगितले. मग शेठनी, पैजेला जागून, स्पष्ट विचारलं, "बायांनो, सॅम्पलमध्ये कुणाला काही शंका आहे का? असेल तर आत्ताच बोला."

सगळ्यांनी डमीकडे माना वळवल्या.

मी शांताबाईकडे बघत होते. तिची नजर आधी गळ्यावर गेली. तिच्या भुवया वर चढल्या. तिला दिसलं होतं, यात मला तिळमात्र शंका नाही. मग तिनं मास्तरांकडे पाहिलं. मास्तर हातातल्या कात्रीकडे बघत होते. ती पुन्हा कुर्त्याकडे, पुन्हा मास्तरांकडे. मास्तरांनी मान वर केली नाही, कारण तसं ठरलं होतं. शांताबाईच्या भुवया खाली आल्या. यास्मिननं शांताबाईकडे पाहिलं आणि तिच्याही खाली आल्या. तिथून पुढं ते ओळीनं पसरत गेलं.

"काही शंका नाही ना?" अध्यक्षांनी विचारलं.

"न्हाई साहेब," सगळ्या एका सुरात म्हणाल्या. अध्यक्ष प्रसन्न झाले. मशीनं सुरू झाली.

मास्तरांनी त्या दिवशीचे कापडाचे सगळे थर कापून दिले. काम अर्धवट टाकणं त्यांच्यात नव्हतं. संध्याकाळी कात्री कापडात गुंडाळून काखेत मारली. शेठ केबिनच्या दारात आले. "अहो मास्तर, मी आपलं गमतीत..."

"मी न्हवतो गमतीत," मास्तर म्हणाले आणि गेटमधून बाहेर पडले.

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बायका विचारू लागल्या, मास्तर आजारी आहेत का. मी पैजेचं सगळं सांगून टाकलं. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. शांताबाईच्या हातात भाकरीचा तुकडा तसाच राहिला.

"मला दिसलं व्हतं की, ताई. गळा दिसला व्हता."

"मग?"

"मास्तर गप व्हते. म्हनलं, मास्तर गप हायत म्हंजे खोट न्हाई. खोट आस्ती तर त्येंनी हाताची घडी घातली आस्ती की."

"हौ ताई," यास्मिन म्हणाली, "घडी नहीं डाले थे."

त्यांना दोष देऊन कुर्त्याचा गळा मोठा होणार नव्हता.

कुर्ते गेले. मी रोज वाट पाहत होते की आज गठ्ठे परत येतील, आज फोन येईल. काहीच आलं नाही. उलट काही आठवड्यांनी अध्यक्षांनी शेठना शाळेच्या प्रार्थनेचा फोटो पाठवला: मुलींच्या रांगाच रांगा, प्रत्येकीचं वरचं बटण बंद. खाली अभिनंदन. शेठनी तो मला मोबाईलवर दाखवला आणि म्हणाले, "बघा. उगाच मास्तरांनी बाऊ केला." त्यांच्या आवाजात मात्र जोर नव्हता. मास्तरांच्या जागी आलेला माणूस कापड असं कापत होता की चिंध्याच जास्त निघत होत्या. "जाऊन बघा जरा," शेठ म्हणाले, "मास्तर परत येतायत का."

मास्तरांनी पूर्व भागातल्या एका बोळात शिलाईचं दुकान टाकलं होतं. दुकान म्हणजे एक मशीन, एक स्टूल आणि वर ताडपत्री. मी गेले तेव्हा पुढं चार बायका उभ्या होत्या, प्रत्येकीच्या हातात पिशवी. पहिलीनं इकडंतिकडं बघून आवाज खाली केला आणि पिशवीतून कुर्ता काढला. आमचाच.

"मास्तर, एवढी पट्टी आतनं उसवून प्रेस बटणं लावून द्या. वरनं दिसू नये. आमच्या पोरीचं डोकं जरा मोठं हाय."

"शाळेत सांगितलं का?" मास्तरांनी विचारलं.

"नको बाई. एकट्या आमचीचंच व्हतंय. बाकीच्या पोरी घालत्यात की."

मास्तरांनी कुर्ता घेतला आणि तो खाली ठेवला. खाली तसल्याच कुर्त्यांची चळत होती. दुसरी बाई पुढं झाली. तिच्याही पोरीचं डोकं जरा मोठं होतं. वडिलांवर गेलंय, म्हणाली. तिसरीनं डॉक्टरांना दाखवून आणलं होतं. चौघी एकमेकींना खेटून उभ्या होत्या, पण पिशवीचं तोंड प्रत्येकीनं आपल्या बाजूला वळवलं होतं.

बायका गेल्यावर मी स्टुलावर बसले. "धंदा बरा चाललाय."

"आख्ख्या सोलापूरच्या पोरींची डोकी मोठी झाल्यात, बाई," मास्तर म्हणाले. "आन् आयांची तोंडं..." वाक्य पुरं केलं नाही. "कशाला आलात?"

"शेठनी बोलावलंय."

"पैज हरलोय मी. शब्द म्हंजे शब्द."

"हरलात, पण कशावर हरलात ते तुम्हाला ठाऊक नाही." मी शांताबाई काय म्हणाली ते जसंच्या तसं सांगितलं. हाताच्या घडीसकट. "त्या अध्यक्षांना घाबरल्या नाहीत, शेठना तर नाहीच. तुम्ही गप्प होतात, म्हणून त्या गप्प बसल्या. तुमचंच ऐकलं त्यांनी."

मास्तरांनी मशीनवरचा पाय काढला. चळतीतला वरचा कुर्ता उचलून त्याचा गळा चाचपला. हे मी आधीही म्हटलं होतं, पण तेव्हा त्यांची नोकरी शाबूत होती. नोकरी गेल्यावर माणूस जरा लक्ष देऊन ऐकतो.

"म्हंजे मीच झालो की सॅम्पल," ते शेवटी म्हणाले.

"तेच."

"येतो," म्हणाले. "एका ऑर्डरपुरता. त्यात एक जरी बाई आपल्या डोळ्यानं बघणारी निघाली, तर ऱ्हातो. न्हाई निघाली तर ह्ये स्टूल बरं हाय. शेठला सांगू नका. बायकांना तर न्हाईच."

मी सांगितलं नाही. आले तेव्हा बायकांनी पेढे आणले. शांताबाई मात्र त्यांच्यासमोर यायचं टाळत होती. कात्री ठेवायची जागा तिनं आदल्या दिवशी पुसून ठेवली होती, ते मी मास्तरांना सांगितलं नाही.

नवी ऑर्डर साधीच होती, मुलांचे चौकड्यांचे शर्ट. सकाळी मास्तरांनी खिळ्याला सॅम्पल अडकवलं आणि हातांची घडी घातली. सगळ्या गोळा झाल्या. हे सॅम्पल मात्र खरं होतं, चिठ्ठीचं, पास झालेलं. त्यात खोट नव्हती. मला ठाऊक होतं, कारण ते माझ्यासमोर शिवलं होतं.

पाच मिनिटांत पहिली खोट सापडली. कॉलर एका बाजूला उतरती आहे, असं एकजण म्हणाली. "हाय, हाय," मागून दोघी म्हणाल्या. यास्मिनला खिसा तिरका दिसला. "देखो ना जी, लाइन नहीं मिल रही!" चौकड्यांची रेघ जुळत होती. पण तिनं बोट ठेवल्यावर शेजारणीलाही ती जुळेनाशी झाली. कुणाला काज लहान वाटलं, कुणाला बाही लांब. प्रत्येक खोटीला चार माना डोलत होत्या. शेठ केबिनच्या दारात येऊन उभे राहिले. मास्तर हातांची घडी न सोडता प्रत्येकीला म्हणत होते, "बरं. बरं." त्यांचा चेहरा उतरत चालला होता, आणि बायकांना वाटलं, अजून खरी खोट सापडली नाही म्हणूनच. त्या आणखी जोरानं शोधू लागल्या.

शांताबाई मागे उभी होती. ती पुढं आली, शर्ट खिळ्यावरून काढला, उलटा केला, कॉलरची दोन्ही टोकं एकमेकांवर ठेवून पाहिली. टीप नखानं चाचपली. बाह्या मोजल्या. मग शर्ट सुलटा करून परत खिळ्याला लावला.

"मास्तर, ह्यात कायबी न्हाई."

"क्या अक्का," यास्मिन म्हणाली, "सब लोगां बोल रहे..."

"सगळ्या बोलत्यात व्हय," शांताबाई म्हणाली. "मला दिसंना."

मास्तर एक पाऊल पुढं आले. आवाज कडक केला. "शांता, एवढ्या जणींना दिसतंय. मीबी सांगतोय, खोट हाय. नीट बघ."

मला त्या क्षणी त्यांचा राग आला. ते परत आल्यापासून ती बाई शरमेनं त्यांच्यासमोर आली नव्हती, आणि हे तिला आणखी ढकलत होते. शांताबाईचे कान लाल झाले. तिनं पदर कमरेला खोचला.

"तुमी सांगताय ते खरं. पण हाय तर दावा की कुटं हाय. मी लई ऐकलं तुमचं. आज मला दिसंना, तर न्हाई म्हननार."

मास्तरांनी शर्टाकडे पाहिलं. दाखवायला काही नव्हतंच. "बरं," ते म्हणाले, पण या वेळचं 'बरं' वेगळं होतं. शांताबाईनं त्याची वाट पाहिली नव्हती. ती आपल्या मशीनवर जाऊन बसली, दोरा ओवला, आणि खटखट सुरू केली.

बाकीच्या अजून उभ्याच होत्या. कुणी मास्तरांकडे बघत होतं, कुणी तिच्याकडे.

मास्तर माझ्याजवळ येऊन उभे राहिले. डोळे पुसायला त्यांनी चष्मा वर केला असेल, किंवा घाम असेल. पत्र्याखाली उकडत होतंच. "निघाली एक," हळू आवाजात म्हणाले.

तेवढ्यात शांताबाईच्या शेजारचं मशीन सुरू झालं. मग त्याच्या पलीकडचं. यास्मिननं खिशाकडे एकवार पाहून ओव्हरलॉकवर पाय ठेवला. बघता बघता सगळी लाईन खडखडायला लागली. शर्ट मात्र खिळ्यालाच लटकत होता. शांताबाईनं तो परत लावल्यापासून एकीनंही त्याला हात लावून पाहिलेलं नव्हतं.

मी मास्तरांकडे पाहिलं. त्यांनाही ते दिसलं होतं.

"ऱ्हातो," ते म्हणाले आणि कात्री उचलून टेबलाकडे चालू लागले. "लई काम पडलंय की."